ऑकलंड ते बोळिंज, एकोणीस तास

बोळिंज, विरार पश्चिम
२२ जानेवारी २०२६

प्रिय मार्सेल,

देव तुला, तुझ्या बायकोला आणि पोरींना सुखात ठेवो. इकडे आम्ही ठीक म्हणायचं. तुझ्या भावोजींचा, लुईसचा, खोकला हटत नाही, माझे गुडघे नेहमीचेच. आईची खाट परवा दुमडून ठेवली. खोली केवढी मोठी दिसते रे!

तू म्हणशील, रोज फोन होतो, मग हिने हे काय खरडलं? फोनवर तू "ताई, किती केलंस गं आईचं" म्हणतोस आणि माझी जीभच रेटत नाही. लुईसची भाची रोवेना शनिवारी ऑकलंडला परत निघालीय, तिच्या बॅगेत हे पत्र देतेय.

तीन तारखेला तू विचारलं होतंस, "मी येऊ का?" मी फाडकन म्हणाले, "तुझं तू बघ." तीन वर्षं मी एकटी उशापायथ्याशी, आणि याला अजून विचारावं लागतं, असा राग आला. तुला वाटलं, एवढं काही नसेल. त्यात तुझी चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी चारला, आई तुझं नाव घेऊन कण्हायला लागली. माझ्यानं ऐकवेना. म्हटलं, "मार्सेल विमानात बसला गं."

झालं! म्हातारी उठून बसली. "किती लांब आहे?" मी सांगितलं, सव्वाबारा हजार किलोमीटर, मध्ये सिंगापूरला दुसरं विमान, सगळं धरून एकोणीस तास. मग तासाला रोझरीची एक माळ. मध्येच सांगायची, "रेजिना, बारा राहिले." सकाळी माझ्याकडून केस विंचरून घेतले. चार दिवसांत पहिल्यांदा वाटीभर पेज प्यायली. मला, मेलीला, बरंच वाटलं.

नऊ वाजता फादर शेवटचं तेल लावायला आले. आईने हात आडवा धरला. "माझा मुलगा वाटेत आहे. दोघं शेजारी गुडघे टेकतील, तेव्हा लावा." फादरांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली. "संध्याकाळी येतो," म्हणून ते गेले.

अकराला ती म्हणाली, "उतरला असेल." बाराला म्हणाली, "घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असेल." मी म्हटलं, विमान लेट आहे. दाराकडे तोंड करून पडून राहिली आणि अडीचला गेली.

आईला तेल मिळालं ना, असं तू विचारलंस आणि मी हो म्हटलं. नाही मिळालं, मार्सेल. माझ्यामुळे नाही मिळालं.

मी कुमसार केला, फादरांपुढे सगळं पाप कबूल केलं. ते म्हणाले, आईच्या मनातलं देव जाणतो. देव माफ करील रे, त्याचं मला भय नाही. तुझं आहे.

आईच्या महिन्याच्या मिस्सासाठी तू तिकीट काढलंयस. हे वाचून रद्द केलंस तर मी का म्हणून विचारणार नाही. आणि आलास, तर मला ताई म्हणून हाक मारशील का, एवढंच डोक्यात घोळत राहतं. मार किंवा नको मारू. मी दार उघडेन.

आईला खोटी वाट बघायला लावणारी,
तुझी
रेजिना