रिंगांची तोंडं

३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. तुझ्या अकलेसाठी दोन जास्तीचे.

तुझ्या बापाने कळवलं की मी दिलेल्या गाडीचं इंजिन तू उतरवलंस आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यासमोर मांडून ठेवलंस. पाहुणे आता सिलिंडर हेडवर पाय ठेवून चहा पितात म्हणे. ती गाडी मी तुला भंगारात घालायला दिली होती, बये! पावणेतीन लाख किलोमीटर चाललेलं जनावर ते. माझ्या प्रत्येक भाषणाची तालीम त्या बिचारीने रस्त्यात निमूटपणे ऐकली, तेवढे हाल पुरे नव्हते का? आता म्हणे तू तिला टर्बो लावणार. तोही नवा नाही, मोडीत निघालेल्या डिझेल व्हॅनचा. मेलेल्याचं फुप्फुस म्हातारीच्या छातीत बसवायचं आणि तिला पळायला लावायचं!

वेग ही या जमान्यातली सगळ्यात स्वस्त अक्कल आहे. ज्यांना पोचल्यावर काही बोलायचं नसतं, त्यांनाच लवकर पोचायची घाई असते. गॅरेजच्या काउंटरवर बिलं लिहायची नोकरी आहे, ती कर. संध्याकाळी चार बरी पुस्तकं वाच.

कागद संपला. उरलेलं समासात आडवं लिहिलं आहे, पत्र फिरवून वाच. माझ्या मायेत उणं नाही, मतात तर नाहीच.

तुझी आत्या

*

९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र फिरवून फिरवून वाचलं, मान आखडली. इंजिन आल्यापासून पाहुणे निम्म्यावर आले आहेत, त्यामुळे आई खूश आहे.

टर्बोला तू फुप्फुस म्हणालीस, हे तुझ्या आजवरच्या वक्तृत्वातलं पहिलं अचूक वाक्य. इंजिनातून वाया जाणारा धूर एक चाक फिरवतो आणि ते चाक इंजिनात आणखी हवा कोंबतं. स्वतःच्याच वाफेवर आणखी जोर चढवायचा, हे तुला समजावून सांगायला नको. पण झिजलेल्या इंजिनात नुसती हवा कोंबली तर ते फुटेल. आधी त्याचा मूळचा दाब कमी करावा लागतो, म्हणून हेडखाली जाड गॅस्केट हवं. विकतचं परवडत नाही, तेव्हा तांब्याच्या पत्र्यातून मीच कापलं. थोडा अंगठाही कापला. सिलिंडर तुझ्या मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडे बोअर करायला, म्हणजे आतून कापून गुळगुळीत करायला, पाठवलेत, कारण इथले लोक लुटतात. पिस्टन आणि त्याच्याभोवतीच्या रिंगाही तोच बसवून देईल. तू तिकडे फिरकू नकोस.

आता हे सगळं कशासाठी, ते ऐक. मालकाने सगळ्यांसमोर मला सुनावलं की बिलं लिहिणाऱ्या पोरीने इंजिनाची स्वप्नं बघू नयेत. हिंमत असेल तर एक इंजिन एकटीने बांध, मला शेजारी बसवून टेकडीच्या माथ्यावर ने आणि टोचन न करता परत आण, मग इंजिनाच्या खोलीची किल्ली तुझी. नाहीतर हा विषय कायमचा बंद. मिस्त्री इतके हसले की एकाच्या नाकातून चहा आला. आणि हा मालक कोण? स्पार्क प्लग बदलताना ज्याचा घाम पुसायला दुसरा माणूस लागतो, तो! एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी जायचं आहे. आत्या, मला ती किल्ली हवी आहे. तुझं मत नको आहे.

लोभ ठेव, सल्ला ठेवून घे.

भिंगरी

*

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मालकाबद्दल वाचलं आणि माझं मत बदललं. वेगाबद्दल नाही, तुझ्याबद्दल. असल्या माणसाचं थोबाड टेकडीच्या माथ्यावर उतरलेलं पाहिलंच पाहिजे. म्हणून पंधरवड्यापूर्वी, त्याने काम तुला परत पाठवण्याआधी, मी स्वतः लेथवाल्याकडे गेले आणि वेळेवर गेले, हे तुझं नशीब.

दुकानात पाय ठेवते तो काय! सिलिंडरमध्ये रिंग बसवलेली आणि तिची दोन तोंडं जुळतच नव्हती. मध्ये नखाची कड जाईल एवढी फट. मी जाब विचारला. तो म्हणाला की तुमच्या भाचीनेच तेवढी सांगितली आहे. मी विचारलं, नेहमीच्या गाडीला एवढी असते का? नसते, असं त्याने कबूल केलं. पकडला! पोरीचं काम म्हणून ढिलं करतोस काय, इथपासून मी अशी सुरुवात केली की गिऱ्हाइकं जमली, शेजारचा वेल्डिंगवाला काम बंद करून दारात उभा राहिला. शेवटी त्याने मुकाट्याने दुसऱ्या रिंगा घेतल्या आणि तोंडाला तोंड जवळजवळ भिडवून बसवल्या. तुला यातलं काही कळवायचं नाही, अशी तंबीही मी त्याला दिली. उगाच तुझ्यावर उपकाराचं ओझं नको. पण सांगितल्यावाचून मला राहवेना.

आभार मानू नकोस. समास वाच.

तुझी आत्या

*

६ एप्रिल

आत्या,

सा. न. आज एवढाच पुरे.

तुझं पत्र आलं तेव्हा इंजिन गाडीत बसलं होतं. हळूहळू चालवूनही झालं होतं. टर्बोचा पहिला जोर मी उद्या देणार होते.

रिंग तापली की वाढते. टर्बोच्या इंजिनात ती जास्त तापते, म्हणून तिच्या तोंडांत फट मुद्दाम जास्त ठेवतात. गार असताना दिसणारी ती फट गरम झाल्यावर भरून येते. तू ती आधीच भरून टाकलीस! टेकडीच्या अर्ध्यावर तोंडं एकमेकांवर आदळली असती, पिस्टन फुटला असता आणि मालक शेजारी बसून दात काढत असता. लेथवाल्याला हे ठाऊक होतं. त्याला झापलं, तर म्हणतो की बाईंनी मध्ये श्वासच घेतला नाही, सांगू कधी? भित्रा मेला. आणि मी स्वतः फट न मोजता इंजिन जोडून टाकलं, म्हणजे माझी अक्कलही त्याच भावाची.

एका गोष्टीचं मात्र हसू येतं. तू विनयशील असतीस तर माझं इंजिन मेलं असतं. तुझ्या बढाईने ते वाचवलं.

सगळं पुन्हा उतरवलं आहे. एकेक रिंग कानशीने घासते आहे. तांब्याचं गॅस्केट एकदा दबलं की कडक होतं, पण लाल तापवून पाण्यात बुडवलं की परत मऊ पडतं. आईने बादली धरली आणि तुझं नाव घेतलं. कसं, ते लिहीत नाही.

रविवारपर्यंत मला मदत करू नकोस. माया कर, पण जरा लांबून.

भिंगरी

*

१५ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेली! अर्ध्या चढावर टर्बोने जोर धरला, तसा मालक सीटला चिकटला आणि त्याने दाराचं हँडल जे पकडलं ते खाली येईपर्यंत सोडलं नाही. माथ्यावर त्याने बॉनेट उघडायला लावलं आणि डोकं घालून दोष शोधला. टर्बोच्या तेलाच्या नळीवर एक थेंब सापडला. गृहस्थ इतका आनंदला की मला वाटलं पेढेच वाटतो. मी नट अर्धा फेरा आवळला, बोट भाजलं, थेंब थांबला. परतीच्या वाटेवर तो एकच वाक्य बोलला: गाडीत एसी असता तर बरं झालं असतं.

किल्ली त्याने हातात दिली नाही. काउंटरवर बिलांच्या गठ्ठ्यावर फेकली. मी उचलली. बिलं तिथेच पडली आहेत.

म्हातारी आता चढावर शीळ घालते. तुझ्या पुढच्या सभेला मी न्यायला येईन. एकच अट आहे. चढावर बोलायचं नाही, मला इंजिन ऐकायचं असतं.

पूर्वीइतकाच लोभ पुरे, वाढवलास तर झेपणार नाही.

भिंगरी

*

१९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मालकाची मला कीव येते, आणि कीव मी फार थोड्यांची करते. वेगाबद्दलचं माझं मत कायम आहे. शनिवारी सभा आहे. वाटेत चढ आहे.

खालचा कागद कोरा सोडला आहे, समासही. शाई संपलेली नाही.

तुझी आत्या