परकोटाबाहेरची जागा

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी माझा राग काही उतरला नाही. परवा धरणाचे दरवाजे उघडले आणि इरई नदी पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात येऊन गेली. टेबलाखाली विटा, टेबलावर फ्रिज, गाद्या माळ्यावर आणि मी गच्चीवर. साठीत हे सगळं करताना मी तुम्हाला मोठमोठ्यानं बोल लावत होते. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल तर ऐकू दे.

दुसऱ्या कोणाच्या बापानं ही जागा घेतली असती, तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण तुम्ही भूगोलाचे मास्तर! आम्हा सातवीच्या पोरांना तुम्ही बिनबा दरवाज्याजवळ परकोटावर चढवलं होतं. छडीनं खाली दाखवत तुम्ही सांगता आहात, "पाहा, आत जमीन उंच, बाहेर खोल. गोंड राजानं एवढी भिंत हौसेनं नाई बांधली. बाहेरची खोलगट जमीन नदीची आहे. तिथी घर बांधते तो गाढव." सगळा वर्ग हसतो, मीही हसते. आणि त्याच दिवाळीत तुम्ही त्या खोलगटात प्लॉट घेतलात. पुढे शाळा सुटेपर्यंत मी 'गाढवाची पोरगी' होते.

पहिल्या पुरात आईची तांदळाची कोठी भिजली, वर्षाचा तांदूळ आंबला. ती बिचारी चुलीजवळचा गाळ खरवडून काढत होती आणि तुम्ही म्हणालात, "फेकू नको, परसात टाक. वांगे मस्त येतीन." वांगी आली. आईनं एकही तोंडात घातलं नाही. मी तेव्हा विचारलं, "बाबा, काऊन घेतली ही जागा?" तुम्ही म्हणालात, "शाळा जवळ पडते." शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला! रोज सायकल मारत घामाघूम होऊन जात होतात. भूगोलाच्या मास्तरानं खोटं बोलायचं तर निदान नकाशा पाहून तरी बोलावं.

तेव्हा पाणी चार-पाच वर्षांतून एकदा यायचं. आता नदीकाठी खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर उभे राहिलेत, पात्र आवळलं गेलंय, आणि नदीला पसरायला आपलीच ओसरी सापडते. वर पंचनाम्याला आलेला माणूस मलाच ऐकवतो, "तुम्ही नदीत येऊन राह्यल्या ना बाई." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

म्हणून घर विकायला काढलं. काल गडचिरोलीहून बदलून आलेली एक नर्स पाहायला आली. उंबऱ्याशी गाळ तसाच होता, लपवण्यासारखं काही नव्हतं. मी सरळ सांगितलं, "पाणी येते इथी. नको घेऊ."

"मालूम आहे ना बाई," ती म्हणाली. "परकोटाच्या आत सात घरं पाह्यली. पहिले आडनाव विचारतेत, मंग म्हणतेत, घर देऊन झालं. इथी पाणी येते, पण घर तं भेटते."

मी दाराला टेकून उभी राहिले. त्या सात घरांत आपलंही आडनाव चाललं नसतं. आत किती दारं ठोठावली होतीत हो तुम्ही? आणि ते पोरीला सांगायची लाज वाटली म्हणून 'शाळा जवळ पडते'? लाज त्यांना वाटायला हवी होती, बाबा, तुम्हाला नाही! मला सांगितलं असतंत, तर शाळेत गाढव म्हणणाऱ्या एकेकाचं तोंड मी बंद केलं असतं. त्याऐवजी मी इतकी वर्षं त्यांच्याच बाजूनं तुमच्यावर चिडत राहिले. आता तुमच्यावरही चिडते, त्यांच्यावरही, आणि दोन्ही राग मला पेलत नाहीत.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? पेटीत ठेवलं तर पुढच्या पुरात भिजेल, एवढंच. पण एक गोष्ट सांगून टाकते. ती नर्स काल दारात आली तेव्हा, तिला आत ये म्हणण्याआधी, मी तिचं आडनाव विचारलं होतं.