मुख्य कचेरीचा कागद

हेलेविक, १२ मार्च १९९४

चि. ऑडवार यास बोर्गहिल्डताईचे अनेक आशीर्वाद.

कार्ड मिळालं. ऑस्लोच्या मुख्य कचेरीत तू आता टाय लावून बसतोस म्हणे. इकडे कारखान्यातली भट्टीवरची माणसं त्यावरून बाबांना चिडवत असत. हल्ली कोणी चिडवत नाही.

आपला छापखाना मेअखेर बंद होतोय. पेपर दोन तास लांब छापला जाईल, आणि पानं लावणाऱ्या आम्ही सातही जणी घरी. नावाखालची ‘कामगार चळवळीचे मुखपत्र’ ही ओळ सोमवारीच गेली. मीच कात्रीने कापली.

बाबांचं मला बघवत नाही. कामगार संघटनेचे पेपरातले शेअर ऑस्लोच्या कंपनीला द्यायचा ठराव त्यांनीच अध्यक्ष म्हणून सभेपुढे ठेवला होता. आपली रीत तुला ठाऊक आहे. मुख्य कचेरीचा कागद आला की कोणी वाचत बसत नाही, अध्यक्ष मान वर करतात आणि टाळ्यांनी मंजूर होतं. कॉफी पिता पिता म्हाताऱ्यांनी स्वतःचा पेपर देऊन टाकला. आता फाटकाशी लोक विचारतात, की तुम्ही वाचलं तरी होतं का. बाबा मान खाली घालून निघून येतात.

तो कागद तू लिहिलास, हे मला माहीत आहे. तीस एप्रिलला सभा आहे. ये आणि सगळ्यांसमोर सांग.

तब्येतीला जपावे, हेच मागणे.
तुझी ताई


ऑस्लो, २७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सगळे कामगार-पेपर या कंपनीत एकत्र आले नसते तर आपला पेपर दोन वर्षांत बुडाला असता. असे किती बुडाले ते तूही पाहिलंस. आता कंपनीचा टीव्हीतसुद्धा वाटा आहे.

कागद मीच लिहिला. ‘विक्री’ऐवजी ‘सहकार्य’ घातलं, म्हणजे कोणी अडवणार नाही. त्याची लाज वाटते.

पण तीसला इथे संचालकांची बैठक आहे. बाबांना वयामुळे नीट कळलं नाही, असंच लोकांना वाटू दे ना. म्हाताऱ्या माणसाला माफ करतात. माझं नाव बाबांना सांगू नकोस, एवढं ऐक.

रागावलीस तरी माया कमी करू नये, ही विनंती.
ऑडवार


हेलेविक, १ मे

चि. ऑडवार यास आशीर्वाद.

तुझं नाव मी कोणाला सांगितलं नाही. गरजच पडली नाही.

काल बाबा सभेत उठले. म्हणाले, की मी कागद घरी दोनदा वाचला होता, सहकार्य म्हणजे विक्री हे मला तेव्हाच कळलं होतं. ही वाक्यं कोणाची तेही कळलं, कारण त्याला लिहायला मीच शिकवलं. कचेरीत पोराची मान खाली जाऊ नये म्हणून मी तुमच्याकडून टाळ्या मागितल्या, दोष माझा. मग सव्वीस वर्षांचं अध्यक्षपद सोडून खाली बसले. भट्टीवर चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी राबलेल्या यालमारकाकांनी बाबांजवळून आपली खुर्ची उचलली आणि मागे जाऊन बसले.

आज मे दिनाचा मोर्चा घरावरून गेला. बाबा जन्मात पहिल्यांदा त्यात नव्हते. खिडकीकडे पाठ करून बटाटे सोलत होते. वाद्यं लांब गेल्यावर त्यांनी विचारलं, ऑडवारची नोकरी पक्की झाली का.

मी हो म्हटलं.

लोभ आहे की नाही, ते आज लिहवत नाही.
बोर्गहिल्ड