मृणालीचे गुरू, पट्टी काळी पाच

२ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ७
नवीन वही आणि पहिल्याच पानावर आनंदाची बातमी. मृणाली येतेय! जयगडची, आता युरोपात ऑपेरा गाते. पेपरात फोटो आहे, खाली ‘सोप्रानो’ असं छापलंय. मोबाइलवर बघितलं. सोप्रानो म्हणजे बायकांतला सर्वांत वरचा आवाज. वीस डिसेंबरला इथे नाट्यगृहात तिचा कार्यक्रम.
सातवी-आठवीत दोन वर्षं दर रविवारी ती एसटीने माझ्या क्लासला यायची. म्हणजे पाया माझा. बाकी इटलीवाल्यांनी फार तर गिलावा केला असेल.
संकल्प: गर्व करायचा नाही. सत्काराचं भाषण पाच मिनिटांत आटपायचं.

३ नोव्हेंबर
भाषण लिहिलं. बावीस मिनिटं होतंय. कापण्यासारखं त्यात काही नाही.

५ नोव्हेंबर
क्लासच्या दारावर नवीन बोर्ड. ‘आंतरराष्ट्रीय सोप्रानो मृणाली यांचे गुरू’. योगिनी रस्त्यात उभी राहून बोर्ड वाचत होती. म्हणाली, अहो पण तुम्ही तिला गायला कधी दिलंत? दोन्ही गुरुपौर्णिमांना पोर मागे बसून झांज वाजवत होती.
लय पक्की व्हावी म्हणून. तीस वर्षं संसार करून बायकोला एवढं कळू नये.

९ नोव्हेंबर
आळीत हळद. डीजेवर दुपारपासून एकच गाणं, ‘बंदरावरची बिजली’. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. संदेश भेटला. माझाच जुना विद्यार्थी, हल्ली याने मारुती मंदिराजवळ कीबोर्डचा क्लास काढून माझे चार विद्यार्थी पळवलेत. म्हणाला, सर, या आपल्या मृणालीताईच गातायत. सात कोटी लोकांनी बघितलंय.
ऑपेरा एक वेळ समजू शकतो. परका का होईना, शास्त्र आहे. पण बिजली! माझी नांदी शिकलेल्या गळ्यातून बिजली! हा शुद्ध विश्वासघात आहे. संबंध तोडला. बोर्ड उतरवायला स्टूल आणलं.

१० नोव्हेंबर
सकाळीच दोन आया मुलींना घेऊन आल्या. बिजलीवाल्या ताई इथेच शिकल्या काय, म्हणून विचारत होत्या. प्रवेश दिले. स्टूल परत आत ठेवलं. पेंटरला बोलावून बोर्डावर ‘व लोकप्रिय गायिका’ एवढं वाढवून घेतलं.
कलावंताने मन मोठं ठेवावं.

२३ नोव्हेंबर
तिची मुलाखत आली. गुरू कोण, असा प्रश्न आहे. उत्तरात इटलीतल्या कोणी बाई आणि ‘भाट्याचा समुद्र’. चार वेळा वाचलं. समुद्र!! समुद्राने तिला अलंकार शिकवले? समुद्राने दर रविवारी तिला कोकम सरबत दिलं?
योगिनी म्हणाली, सरबत मी देत होत्ये. तुम्ही तिला क्लासमधून बाहेर काढायचात, मगे ती एसटीची वेळ होईपर्यंत भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन गायची.
बाहेर काढायचो ते शिस्तीसाठी. मुलींची पट्टी, म्हणजे सा धरायचा सूर, काळी पाच. माझ्या क्लासमध्ये तीस वर्षं प्रत्येक मुलगी काळी पाचमध्येच गायली. हिचा आवाज तिथे खाली घोगरा निघायचा, लागायचाच नाही. आणि एकटी असली की पार वर पांढरी चारला जाऊन ओरडायची. तुला आवाज नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलं होतं. स्पष्ट बोलणारे गुरू आता राहिलेत कुठे?
आणि माझी बोटं काळी पाचमध्येच चालतात, हा योगायोग आहे.

७ डिसेंबर
कार्यक्रम संदेशच बसवतोय. त्याने पास पाठवला. चौथी रांग. पहिल्या रांगेत कोण, तर आंब्याचे व्यापारी. जाणार नाही. ठरलं.

८ डिसेंबर
जाणार नाही. झब्बा फक्त इस्त्रीला दिलाय.

१६ डिसेंबर
संदेश स्वतः घरी आला. मृणालीने फोन केला होता. कार्यक्रमाचा शेवट ती माझ्या नांदीने करणार आहे. मी रचलेल्या, मी चाल लावलेल्या, गणपतीपुळ्याच्या गणपतीवरच्या नांदीने! तीन कडवी तिला अजून पाठ आहेत. आणि म्हणाली, पेटीवर सरच हवेत.
न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. दोनदा.
संदेश म्हणाला, सर, पेटी मी आणतो, स्केल चेंजरची. कळ फिरवली की पट्टी बदलते, बोटं तुमची तीच. ताईंची पट्टी जरा वर असते हां. मी त्याला दारापर्यंत पोचवला. कळ फिरवून पट्टी बदलणं ही लबाडी आहे. माझी पेटी माझ्या वडिलांची. तीच येईल.
उरलेल्या दिवसांत पांढरी चारचा थोडा हात बसवून ठेवायचा. खास गरज नाही, तरी.

१७ डिसेंबर
रियाझ झाला नाही. झब्ब्याचं बटण.

१८ डिसेंबर
रियाझ झाला नाही. भाषण तेवीस मिनिटं.

१९ डिसेंबर
पांढरी चार धरून बघितली. पहिल्या ओळीतच बोटं घरी परतली. हवा दमट आहे. गुरू पेटीवर बसल्यावर शिष्या गुरूच्या पट्टीत गाते, ही रीत आहे. ती काही रीत मोडणार नाही.

२१ डिसेंबर, सकाळी ९
काल काय झालं ते एकदा लिहून टाकतो.
रघूची रिक्षा. म्हणाला, मास्तर, पेटी मांडीवर घ्या, मगे खड्ड्यात आपटली तर मला बोलायचा नाय. संभाळून नेली.
ती दीड तास गायली. ऑपेरातली एक ओळ माइक बाजूला सारून गायली आणि माझ्या मागच्या बाईंच्या हातातला वेफर्सचा पुडा खाली पडला. लोकांनी मागितली म्हणून ‘बिजली’ही गायली. माझा पाय ठेका धरत होता. पायाचं काय, हलतो.
मग माझं नाव पुकारलं. स्टेजवर ती माझ्या पाया पडली, सगळ्यांसमोर. भाषणाचे कागद खिशातच राहिले. कानाशी येऊन हळूच म्हणाली, सर, पांढरी चार घ्याल?
मी काळी पाच धरली. तिने माझ्या बोटांकडे बघितलं. हसली आणि माझ्या पट्टीत खाली उतरली. पहिलं कडवं तिथेच गायली. तोच घोगरा आवाज. तेरा वर्षांची असताना निघायचा, तसाच. लोक खुर्च्यांत चुळबुळ करायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, पेटीवाल्याला वर घ्यायला सांगा. ती काही वर गेली नाही. माझ्यासाठी खालीच राहिली.
शेवटी मीच भाता सोडला. पेटी बंद झाली. ती थांबली, मी मान हलवली आणि ती पेटीशिवाय वर गेली.
वीस वर्षांपूर्वी केलेली माझी नांदी काल मी पहिल्यांदा ऐकली. इतकी चांगली आहे हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं ही पोर माझ्याच दारात बसली होती आणि मी तिच्या हातात झांज दिली. महिनाभर विश्वासघात, विश्वासघात करत बसलो होतो. झाला होता खरा. कोणी केला, तेवढंच कळायचं राहिलं होतं.

२२ डिसेंबर
पेपरात फोटो. ‘गुरूंची साथ’. फोटोत माझा हात भात्यावर नाही.
बोर्ड उतरवला.

२३ डिसेंबर, सकाळी ६
खोलीचं दार लावून पेटी काढली. पांढरी चारला सा धरला. पुढचा रे शोधायला बराच वेळ गेला. सा, रे, ग. परत सा.
योगिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, एवढ्या सकाळी कोण आलाय गो बाई क्लासला? अगदीच नवशिका दिसतोय.
हो म्हटलं. आजपासून येतोय.