मायनस बाराच्या खाली

दि. ४ मार्च

चि. ठमीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

इथे सगळे ठणठणीत, तुझा बाप सोडून. त्याला विद्वत्ता झाली आहे. एका बंद पडलेल्या थिएटरातले दोन स्पीकर त्याने चार महिन्यांपूर्वी घरी आणले, कपाटाएवढे! जराशी वीज दिली की गर्जतात. मधला स्पीकर, ज्यातून माणसं बोलतात, तो आपला जुनाच, चपलांच्या खोक्याएवढा. मागच्या भिंतीवरचे दोन त्याहून लहान. त्यामुळे सिनेमातली बाई रडते ते दिसतं, का रडते ते कळत नाही. मी मनानेच गोष्ट रचते, आणि माझी बरी असते.

तुझा बाप आवाज मोजायचा मीटर घेऊन खोलीभर फिरतो, जणू घराला ताप आलाय. सगळे स्पीकर सारखे वाजायला हवेत म्हणे. मोठ्यांना कमी करत मायनस बारापर्यंत आला, तिथे यंत्र अडलं. याचं डोकंही तिथेच अडलं. वर यंत्राच्या पुस्तकात लिहिलंय म्हणून एकूण आवाज शून्यावरच ठेवायचा, आणि या यंत्रात शून्य म्हणजे थिएटरएवढा मोठा. खिडक्या थरथरतात!

तुझे आजोबा एवढंच म्हणाले की बोलणं कळत नाही. तर हा दीडशहाणा म्हणतो, बाबा, तुम्हाला कमी ऐकू येतं, कानाला यंत्र लावा. अगं, मी भांडी घासताना पुटपुटते तेसुद्धा त्या माणसाला ऐकू जातं! तेव्हापासून हे स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात. चाळीस वर्षं शेजारी बसून सिनेमे पाहिले, आता मी एकटी. तू स्टुडिओत आवाजाचंच काम करतेस, याला अक्कल शिकव.

माया आहेच, ती उत्तरातून दिसू दे.
तुझी आजी

दि. ११ मार्च

ती. आजीस सा. न.

आजोबांचे कान शाबूत आहेत. थोड्या विजेत फार वाजणारे स्पीकर ते, आणखी खाली जाणार नाहीत. मग लहानांना वर आणायचं. मीटर आजोबांच्या खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवायचा. एकेका स्पीकरवर तपासणीची खरखर लावून, आकडे जुळेपर्यंत मधला आणि मागचे वाढवायचे. मग एकूण आवाज खुशाल कमी करावा. शून्य म्हणजे काही वर्गातला पहिला नंबर नव्हे.

बाबांना तूच वाचून दाखव. मी सांगितलं की कालची पोर म्हणतात.

तुझ्या लोभाची हक्कदार,
ठमी

दि. १९ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद, वर एक जास्तीचा.

तुझं पत्र मी अक्षर लावत लावत जेवतानाच वाचलं, म्हणजे तुझ्या बापाला उठून जाता येईना. म्हणाला, हे त्याला माहीतच होतं. मग चार महिने खिडक्या काय हौसेने हलवल्या?

पण दुसऱ्या दिवशी मीटर निमूट आजोबांच्या खुर्चीवर ठेवला. मधला वाढवला, मागचे वाढवले, खरखर सगळीकडून सारखी. एकूण आवाज मायनस चौतीस! तोंड एवढंसं झालं, जणू नापास झाला. मग सिनेमा लावला. माणसं बोलली गं! एक जण जिना उतरताना हळूच शिवी देतो, तीसुद्धा स्वच्छ. हे दारात येऊन उभे राहिले, मग खुर्चीत बसले.

तुझ्या बापाने रिमोट धरून विचारलं, बाबा, एवढा बरोबर आहे का. चार महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. हे म्हणाले, जरा कमी. त्याने कमी करून पुन्हा विचारलं. हे म्हणाले, आता जरा वाढव. असं पाच वेळा, आणि आवाज होता तिथेच परत आला. पहिल्यालाच बरोबर होता, मला काय कळत नाही? पण मुलगा विचारत होता, आणि यांना उत्तराची मुळीच घाई नव्हती.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी