मामांच्या केळीतली गाडीवाट

नांदेड

आदरणीय आनंदराज मामांना भाचा धम्मदीपचा सविनय जयभीम.

मी इथं बरा आहे. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि केळी (आधी केळीच विचारायला हवी होती, माफी असावी) ठीक असतील असं धरून चालतो. परवा फोनवर तुम्ही, तू तिथं नेमकं काय करून राहिलास, असं विचारलंत आणि उत्तर ऐकायच्या आत फोन आपटलात. म्हणून लिहितो.

देशभरातले जुने नकाशे कुणालाही घरबसल्या इंटरनेटवर पाहता यावेत म्हणून त्यांची सूची होते आहे. आपल्या भागातले निजामाच्या काळचे नकाशे माझ्याकडं आणि जिक्रा मॅडमकडं आहेत. उर्दू त्या वाचतात, धूळ मी खातो. एकेक नकाशा सतरंजीएवढा, आणि उलगडला की आपोआप गुंडाळला जाणारा. एकदा मी त्याचा कोपरा जेवणाच्या डब्यानं दाबला, तर मॅडम कडाडल्या, की माहूरच्या डोंगरावर वांग्याचं भरीत ठेवायला लाज वाटत नाही का. (डबा बंद होता, तरी वाटली.) त्यात गावोगाव बातमी गेली, की नांदेडात जमिनीचे खरे नकाशे निघाले. झालं! लोकांना वाटतं आम्ही मोजणीवालेच. ग्यानोबा नावाचे एक म्हातारबा रोज येऊन बसतात आणि म्हणतात, नदीनं माझं रान खाल्लं, तेवढी नदी नकाशात पलीकडं सरकवा, तुमच्याकडं कॉम्प्युटर हाय की. मी सांगितलं, बाबा, एक रेघ वाढवायची नाही की पुसायची नाही. साहेब लई कडक हाय, असं ते बाहेर सांगत होते. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी अर्धापूरच्या बाजूचा नकाशा निघाला. त्यात आपलं गाव आहे मामा! आणि गावातून मागच्या वस्तीवर जाणारी गाडीवाट आहे, ठसठशीत, दोन रेघांची, तुमच्या केळीतून जाणारी. मी हौसेनं तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, तिथं नकाशावर चहा सांडत न्हाई का कधी? मामा, आम्हाला चहा बाहेर जाऊन प्यावा लागतो.

तुमच्याच जिवावर मी शिकलो, हे विसरलेलो नाही. पण गेल्या पावसाळ्यात वस्तीवरच्या पारूबाईची सून अडली, तेव्हा त्या वाटेवर तुम्ही ठोकलेल्या तारेच्या कुंपणाला वळसा घालून तिला बाजेवर ओढ्यातून नेलं. लेकरू वाचलं नाही. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, हे मामींनी मला सांगितलंय. मला तुमचा राग येतो मामा, आणि तुमची कीवही येते. नकाशा मी इंटरनेटवर चढवला आहे.

मामींना जयभीम.

आपला,
धम्मदीप

ता. क. : सूचीत जागेची ओळख कुणी पटवली, असा एक रकाना असतो. "ती माझीच केळी हाय" असं फोनवर तुम्हीच ओरडला होतात, म्हणून तिथं तुमचं पूर्ण नाव घातलंय.

आणखी एक : ते नाव वस्तीवर सगळ्यांनी मोबाइलवर वाचलं. मामांनी स्वतः वाट दाखवून दिली, म्हणून रविवारी विहारात तुमचा सत्कार आहे. हार पारूबाई घालणार. सूनही येणार आहे, आणि दोघी ओढ्यातून नाही, वाटेनं येतो म्हणतायत. तेवढी तार काढायची आहे. तुमचा गुडघा दुखतो, तर मी शनिवारीच पक्कड घेऊन येतो. कुंपणापाशी थांबा.