हिच्या मागचा माणूस

३ मार्च
आलो बुवा एकदाचे! ट्रक अर्धा रिकामा आला, तरी सामान दोन खोल्यांत मावेना. ही म्हणाली, बरंच आहे, घर लहान असलं की रुसून बसायला कोपरा उरत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, पण ही अशी हसली की अजूनही मी हातातलं काम विसरतो. बाहेरच्या खोलीला मोठी खिडकी आहे. समोर इस्त्रीचं दुकान. इस्त्रीवाल्याने वर बघून हिला हात केला. मला केला नाही.

५ मार्च
स्टुडिओतला पहिला दिवस मजेत गेला. इथला कॅमेरा भलताच आहे. आधी फोटो टिपायचा आणि मग कॉम्प्युटरपुढे बसून ठरवायचं, कोण स्पष्ट आणि कोण धूसर. तेच माझं काम. गिऱ्हाईक शेजारी बसून बोट दाखवतं, मी तिथे टिचकी मारतो, तो चेहरा लख्ख होतो, बाकीचे विरघळतात. मग फोटो 'पक्का' करायचा. एकदा पक्का केला की फाइलला कुलूप, पुन्हा बदल नाही. ही पद्धत मालकांनी का पाडली ते आजच कळलं. दोन जावा आल्या होत्या. तासभर एकच घोळ, हिला जरा मागे जाऊ द्या, तिला जरा मागे जाऊ द्या. शेवटी मी सासूला पक्कं केलं, तेव्हा दोघी गप्प झाल्या.
मालक म्हणाले, गिऱ्हाईक सांगेल तिथेच टिचकी मारायची, फोटोत उगाच मागेपुढे हिंडत बसायचं नाही. मी म्हटलं बरं.

९ मार्च
सुट्टी. सराव म्हणून कॅमेरा घरी आणून घरच्या कॉम्प्युटरला जोडला. हिला खिडकीपाशी बसवून फोटो काढला. छान हसली आहे, पण मान जराशी मागे वळलेली. आता इथे लपवाछपवी कशाला, हिच्याशी कोणी दोन शब्द गोड बोललं की माझ्या पोटात दुखतं. ते मला ठाऊक आहे आणि हिलाही. मागच्या घरी दाताच्या डॉक्टरवरून आमचा आठवडाभर अबोला होता.
तर ही कुणाकडे बघून हसली ते बघायला मी हिच्या मागे टिचकी मारली. स्वयंपाकघराच्या दारात एक माणूस उभा आहे. चौकडीचा शर्ट, नीट विंचरलेले केस. हिच्याकडे बघतोय. घरात आम्ही दोघंच होतो.

१० मार्च
हिला विचारलं. आधी हसली, मग चिडली. म्हणाली, खुंटीवरचा शर्ट असेल, तुम्हाला शर्टातही माणूस दिसतो. मग मी पुरावाच केला. त्याचा चेहरा लख्ख केला, पक्का केला, छापून हिच्या पुढ्यात ठेवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, खरंच, कोण हो हा?
मला काय विचारते?

१४ मार्च
आणखी नऊ फोटो. सगळ्यांत तो आहे, दर वेळी पाऊलभर पुढे. दार, मग टेबल, आता हिच्या खुर्चीची पाठ. प्रत्येक फोटोत मी त्यालाच पक्का केला. धूसर पुराव्याला कोण विचारतं! ही आज म्हणाली, याला कुठेतरी पाहिलंय. थोड्या वेळाने म्हणाली, चेहरा शांत आहे नाही?
मी ताटावरून उठलो.

१७ मार्च
मी टेबलाशी काम करत असताना मालकांनी खोलीतला दिवा मालवला. म्हणाले, माफ कर, दिसलाच नाहीस. घरी येताना इस्त्रीवाल्याला कपडे मागितले, तर म्हणाला, साहेब घेऊन गेले.
कोण साहेब?
हिने चहाचे दोन कप ठेवले. एक स्वतःपुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मी हिच्या शेजारी बसलो होतो.

१९ मार्च
आम्हा दोघांचा फोटो काढला, कॅमेरा टेबलावर ठेवून. हिच्या खांद्यावर त्याचा हात. स्वतःच्या चेहऱ्यावर टिचकी मारायला हवी होती, कळत होतं. पण तो हात टेकलाय की नुसता जवळ आहे, ते बघितल्याशिवाय चैन पडेना. हातावर टिचकी मारली.
टेकलाय. पक्का केला. असे एकूण अकरा झाले.

२० मार्च
हिने 'अहो' अशी हाक मारली. मी ओ दिली. स्वयंपाकघरातून आधीच कुणीतरी ओ दिली होती.
दोघं बोलत होते. तो हळू बोलतो. एकदाही आवाज चढवला नाही. ही सबंध गोष्ट सांगत होती, न घाबरता. माझ्याशी अशी कधी —

२२ मार्च
मालकांपुढे ओरडलो तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. लांबचं बघावं तसे डोळे बारीक केले. सगळं सांगितलं. म्हटलं, कुलूप काढा. म्हणाले, निघत नाही. मग फोटो एकेक करून बघितले आणि एवढंच विचारलं,
"या अकरांत बायकोला एकदा तरी पक्कं केलंस?"
नाही. एकदाही नाही. तिच्याकडे बघितलंच —

२३ मार्च
कॅमेरा आता त्याच्याकडे. बटण माझ्या बोटाने दबत नाही. अक्षर मलाच लागत नाही —
ही दिसते अजून. माझी बाय — दिसते.

२४ मार्च
त्याने हिचा नि स्वतःचा फोटो काढला. मी मागे, दाराशी. पुढे जाता येत नाही.
दोघं कॉम्प्युटरपुढे. त्याने पहिली टिचकी हिच्या चेहऱ्यावर मारली. लख्ख झाली. इतकी सुंदर आहे ही, मी —
हिने वाकून बघितलं.
"अहो, मागे कुणीतरी आहे वाटतं."
हिचं बोट पडद्याकडे. माझ्याकडे. अगं ये. थोडं वर — इथे — इथे मी —
त्याने हिचा हात हातात घेतला.
"असू दे. तू किती छान आली आहेस, ते बघ."
त्याला बघायचंसुद्धा नाही, कोण ते. पोटात दुखत नाही त्याच्या — नाहीच दुखत —
विचारतोय, पक्का करू?
अगं, नाही म्हण. एकदा मागे ब —
ही हसली. मान डोला